चौदा नंबरची मावशी

"डावे कुशीवर वलू काय गो?"

छातीवर स्टेथोस्कोप ठेवून दोन मिनिटं झाली, विद्यार्थ्याच्या कपाळावर घाम दिसू लागला, की चौदा नंबरच्या खाटेवरून हा प्रश्न हमखास यायचा. उत्तराची वाट न बघता बाई वळलेलीसुद्धा असायची. डावा हात उशीखाली, डोळे मिटलेले, श्वास बाहेर सोडून थांबलेली. तिच्या हृदयाची एक झडप आकसलेली होती. अशा अरुंद वाटेनं रक्त जाताना घुमल्यासारखा आवाज येतो, आणि तो नीट ऐकायचा तर रोग्याला डाव्या कुशीवर वळवायचं, असं पुस्तकात दिलेलं असतं. आम्ही पुस्तक विसरायचो. ती विसरत नसे.

तुमच्यापैकी कुणी शिकवण्याच्या रुग्णालयात खाट धरून पडला असेल तर त्याला हा प्रकार ठाऊक असेल. सकाळी दहा-बारा पोरं-पोरी पांढरे कोट घालून येतात, एकाच्या पोटावर बारा हात फिरतात, आणि आपल्याबद्दल आपल्यालाच न कळणाऱ्या भाषेत बोलून निघून जातात. बहुतेक रोगी वैतागतात. ही वैतागायची नाही. ती विद्यापीठाच्या परीक्षेची ठरलेली केस होती. एप्रिल आणि ऑक्टोबर, वर्षातून दोनदा तिला निरोप जायचा, आणि ती पिशवी घेऊन हजर व्हायची.

तिचं नाव मी इथं लिहीत नाही. आम्ही मावशीच म्हणायचो.

माझी तिची ओळख मात्र रुग्णालयातली नाही. गिरणी बंद पडली तेव्हा मी बारावीत होते. संप मिटेल, मिटेल म्हणत वडिलांनी दीड वर्ष काढलं. मग लालबागची खोली सोडून आम्ही चारकोपला आलो. तिथं तेव्हा सेक्टर आखले होते, पण घरं अर्धीच उभी होती. आमचं घर म्हणजे चार भिंती आणि वर सिमेंटचे पत्रे. वडील साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये नळाच्या तोट्या पॉलिश करायला लागले. तीस वर्षं गिरणीतला साचा, म्हणजे माग, चालवलेला माणूस. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत काळे झालेले असायचे, आणि खोकला सुरू झाला की आई भांडी घासायची थांबायची. आई घरी सेफ्टी पिना पुठ्ठ्यावर टोचून द्यायची. माझ्या कितीतरी पुस्तकांच्या पानांना पिनांनी पाडलेली भोकं होती.

अशा घरातून मी मेडिकलला गेले. मार्कांवर गेले, कुणाच्या चिठ्ठीवर नाही. हे मी आजही ताठ मानेनं सांगते.

मावशी कांदिवलीच्या बाजारात बसायची. गोराईच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातून पाटी घेऊन यायची. आई तिच्याकडूनच मांदेली घ्यायची आणि वाट्यात दोन जास्त टाक म्हणून पंधरा मिनिटं भांडायची. मी शेजारी पिशवी धरून उभी असायची, कुणी वर्गातलं दिसू नये अशी प्रार्थना करत.

तर दुसऱ्या वर्षाला आम्ही पहिल्यांदा वॉर्डात गेलो, सर चौदा नंबरपाशी थांबले, आणि खाटेवरून आवाज आला, "अगो, ही तं माजे गिऱ्हाइकाची पोर. आईस बरी हाय ना? मांदेल्याला भांडत्ये अजून?"

सगळी बॅच हसली. माझी कानशिलं तापली. सरही हसले आणि म्हणाले, बरं झालं, पेशंटचा इतिहास घ्यायला आता हीच. त्या दिवसापासून चौदा नंबर माझ्या नावावर लागला.

तिचा इतिहास एवढाच. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, महिनाभर अंथरुणात होती. मग लग्न, एक मुलगा. नवरा समुद्रावर गेला तो परत आलाच नाही. पस्तिशीनंतर पाटी उचलली की दम लागायला लागला, एकदा खोकल्यातून रक्त पडलं, म्हणून इथं आली. आली ती परीक्षेची केस होऊन बसली.

विद्यार्थ्यांना ती मासळी पारखावी तशी पारखायची. थंड हात लावला तर "आधी चोल" म्हणायची, आणि तो तळवे चोळेपर्यंत छाती उघडायची नाही. जुहूला राहणारा एक मुलगा होता, वडील मोठे सर्जन, परदेशातून आणलेला स्टेथोस्कोप. त्यानं तो इतक्या रुबाबात आणि इतका खाली लावला, की तिनं मनगटाला धरून त्याचा हात वर सरकवला. म्हणाली, "दादा, ते पोट हाय. काळीज हिकरं." नंतर तो महिनाभर पोटाचा डॉक्टर म्हणून ओळखला गेला. चिडला नाही बिचारा. तिच्याच केसवर तो पास झाला, पेढे घेऊन आला, आणि तिनं ते वॉर्डात वाटले.

इंग्रजी एक अक्षर येत नव्हतं, पण वर्षानुवर्षं उशाशी तेच ते ऐकून स्वतःचा अख्खा आजार तिला पाठ होता. नाडी नियमित. पहिला ठोका मोठा. मग तो घुमणारा आवाज, आणि पुढच्या ठोक्याच्या अगदी आधी तो जरा चढतो. हे चढणं सांगितलं नाही तर परीक्षक मार्क कापतात हेही तिला माहीत होतं. पोरं गडबडली तर ती परीक्षकाची पाठ वळल्यावर बोटानं हवेत चढ काढून दाखवायची. चोरीच की ती. पण एकाही परीक्षकानं तिला कधी पकडलं नाही, किंवा पकडूनही सोडून दिलं असेल.

परीक्षेच्या दिवशी तिचा थाट बघण्यासारखा असायचा. पहाटे उठून अंघोळ, डोक्यात मुलानं आणलेली अबोलीची वेणी. सिस्टर ओरडायची, हे काय लग्न आहे का? ती म्हणायची, आज सायबं येतात बाहेरगावचे. कोळीवाड्यात तिनं सांगून ठेवलं होतं की मुंबईतले निम्मे डॉक्टर माझ्यावर शिकले. बाजारात कुणी तिच्याशी हुज्जत घातली तर म्हणे ती विचारायची, माहीत हाय मी कोन हाय?

हसू येतं ना? मलाही यायचं. पण ह्या सगळ्यात एक गोष्ट होती जी हसण्यासारखी नव्हती. तिला ऑपरेशनची गरज होती. झडपेचं तोंड मोठं करण्याचं ऑपरेशन तेव्हाही व्हायचं, शहरातल्या दुसऱ्या मोठ्या रुग्णालयात. दिवसेंदिवस तिचा दम वाढत होता. पाटी आता मुलगा बाजारात आणून ठेवायचा. सरांनी चिठ्ठी दिली, नंबर लागला, आणि सप्टेंबर अखेरीची तारीख आली.

त्या वर्षी एप्रिलमध्ये मी मेडिसिनला नापास झाले होते.

का झाले तेही सांगते. परीक्षकांसाठी लिहून ठेवलेल्या माझ्या केसच्या कागदावर फक्त यकृत वाढल्याचं होतं. माझ्या हाताला प्लीहाही लागली. मी तसं सांगितलं. परीक्षकांनी चष्म्यावरून बघितलं आणि इंग्रजीत विचारलं, खात्री आहे? मी मराठी शाळेतली. इंग्रजी समजायचं, पण अशा वेळी घशातून बाहेर येत नसे. मी अडखळले. ते म्हणाले, नसलेलं शोधून काढणं हा डॉक्टरचा गुण नव्हे. झालं. ती प्लीहा खरंच लागत होती की नाही, मला आजही माहीत नाही. पण एक धडा मी त्या दिवशी घेतला. कागदावर असेल तेच सांगायचं.

घरी निकाल सांगितला. वडील दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे साकीनाक्याला गेले. आईनं मात्र विचारलं, अजून सहा महिने म्हणजे नक्की सहाच ना?

सप्टेंबरात युनिटच्या रजिस्ट्रारनी, म्हणजे आम्हा विद्यार्थ्यांवर देखरेख करणाऱ्या तरुण डॉक्टरनी, मला बोलावलं. म्हणाले, परीक्षेला हृदयाच्या चांगल्या केसेस नाहीत. तुझी ती मावशी ऑपरेशनला गेली तर पंचाईत आहे. तुझ्या ओळखीची आहे, तू समजावून सांग. परीक्षा झाली की लगेच पाठवू, पुढची तारीख मी स्वतः आणून देतो. तीन आठवड्यांनी काही बिघडत नाही.

दम वाढल्यामुळं ती तेव्हा वॉर्डातच होती. मी गेले. तिला सांगितलं. अगदी त्यांच्याच शब्दांत सांगितलं, डॉक्टर म्हणतात काही बिघडत नाही. माझीही परीक्षा त्याच वेळी आहे हे मी बोलले नाही. बोलायची गरजच नव्हती.

ती जरा वेळ खाटेच्या दांडीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "मना पन तेच वाटत होता. झडप उघडली क आवाज जाईल, नाय? मंग मना कोन बोलवील?"

मला वाटलं ती गंमत करते आहे. ती गंमत करत नव्हती. घरी ती सुनेच्या स्वयंपाकघरात एक जास्तीची बाई होती, बाजारात वाट्यावर भांडणारी कोळीण होती. इथं शिकलेली माणसं तिच्या छातीला कान लावून गप्प बसायची. हे सोडून जायचं तिच्या जिवावर आलं होतं. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं, मावशी, आवाज जाऊ दे, तू जा. मी म्हटलं, बघू परीक्षेनंतर.

ऑक्टोबर आला. चिठ्ठ्या उचलल्या आणि मला चौदा नंबर आला. बरोबरच्या मुली म्हणाल्या, वा, तू तर सुटलीस.

मी पडदा ओढून आत गेले. ती वेणी माळून बसली होती, पण टेकून बसली होती. एरवी ती टेकत नसे. मी हात चोळले, मनगट धरलं. आणि थांबले.

नाडीला चालच नव्हती. दोन-तीन ठोके घाईघाईनं, मग एक गायब, मग एक उशिरा. मी घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजली, परत मोजली. छातीवर ऐकलं तर तिथं ठोके जास्त आणि मनगटात कमी. तो घुमणारा आवाज होता, पण शेवटी चढत नव्हता. सहा वर्षं पोरांनी पाठ केलेलं ते चढणं त्या दिवशी नव्हतंच.

मी हळूच विचारलं, धडधडतंय का?

"पहाटेपासून. पाटीत बोय फडफडते ना, तशी."

बोय हा खाडीतला एक मासा. याहून चांगलं वर्णन मला कुठल्या पुस्तकात मिळालेलं नाही.

झडप आकसलेल्या माणसाची नाडी अशी सैरभैर झाली की हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साचून राहतं, त्याची गुठळी धरते, आणि ती सुटून मेंदूत जाऊ शकते. हे मला माहीत होतं. त्याच आठवड्यात वाचलं होतं. मी तिला म्हटलं, मावशी, हे सरांना सांगायला हवं, आत्ताच.

तिनं माझा हात धरला. "आता नको. मना बाजूला काढतील न् तुला दुसरी केस देतील. तू पास हो आधी. मंग सांग."

मी तिच्याकडे बघितलं, मग खाटेला लावलेल्या कागदाकडे. परीक्षकांसाठीचा तो कागद दोन दिवसांपूर्वी तयार झालेला होता. त्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, नाडी नियमित. सहा महिन्यांपूर्वीचा तो चष्मा मला आठवला. आईचं "सहाच ना?" आठवलं. आणि मी माझ्या उत्तराच्या कागदावर लिहिलं, नाडी नियमित. आवाज शेवटी चढतो, हेही लिहिलं.

परीक्षक दोघे आले, आमचे सर आणि एक बाहेरगावचे. बाहेरगावचे वयस्कर होते, त्यांना दुपारपर्यंत बरीच पोरं संपवायची होती. मी घडाघडा म्हणाले. म्हणताना इंग्रजी एकदाही अडलं नाही. त्यांनी स्टेथोस्कोप कानाला लावला, तिच्या छातीवर ठेवला, तेवढ्यात आमच्या सरांनी विचारलं, मावशी, कशी आहेस? ती म्हणाली, झकास. सर परीक्षकांना म्हणाले, ही आमची जुनी केस, वर्षानुवर्षांची. त्यांनी हसून स्टेथोस्कोप काढला. मनगट कुणीच धरलं नाही. पुढचे सगळे प्रश्न उपचारांवर होते आणि मला सगळे आले.

निघताना मी पडदा सारला तेव्हा तिनं मला डोळा मारला.

मी तिथून सरळ रजिस्ट्रारकडे जायला हवं होतं. त्यांच्या दारापर्यंत गेलेही. पण दुसऱ्या दिवशी माझी तोंडी परीक्षा होती, त्याच परीक्षकांपुढं. आत जाऊन सांगितलं तर ते लगेच जाऊन नाडी बघणार, आणि विचारणार की तू तर नियमित लिहिलंस. मी दारात उभी राहून हिशेब केला. एका दिवसाचा तर प्रश्न आहे. आणि परत फिरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तोंडी परीक्षा संपली आणि मी धावतच वॉर्डात गेले. चौदा नंबरभोवती पडदा होता. सिस्टर म्हणाली, सकाळचा चहा घेताना कप हातातून पडला. उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं.

रजिस्ट्रार तिथंच होते. मी त्यांना सांगितलं की नाडी कालच अनियमित होती. ते माझ्याकडे वळले. मग विचारलं, तू काय लिहिलंस?

"नियमित."

"मग आता कुणाला बोलू नकोस," ते म्हणाले, आणि पुढच्या खाटेकडे गेले. त्यांना मी दोष देत नाही. तो कागद त्यांनीच तयार केला होता, आणि तारीखही आमच्या दोघांच्या शब्दावर पुढं गेली होती. आम्ही एकमेकांना नीट ओळखून होतो.

ती मला ओळखत होती. डोळे माझ्यावर फिरायचे, तोंडातून एकच आवाज निघायचा, कुठल्याच शब्दाचा नसलेला. मी रोज जात होते. सिस्टरबरोबर तिचं अंग पुसायची, पाठीला पावडर लावायची. आठवड्यानं नवी बॅच वॉर्डात आली. सरांनी त्यांना चौदा नंबरपाशी उभं केलं आणि सांगितलं की अर्धांग, वाचा गेलेली, मुळात झडपेचा आजार, अशी सगळी साखळी एकाच रोग्यात क्वचित बघायला मिळते. पोरं भराभर लिहून घेत होती. एकानं थंड हात तिच्या छातीवर ठेवला. मी त्याला सांगितलं, आधी हात चोळ. तो म्हणाला, तिला काय कळतंय? मी त्याचा हात उचलून बाजूला केला.

मुलगा रोज संध्याकाळी बोटीवरून थेट यायचा, अंगाला खाऱ्या वाऱ्याचा वास घेऊन. भांडखोर नव्हता. एकदा जिन्यात त्यानं मला थांबवलं. म्हणाला, "डाक्टरीन बाय, आयशीची आपरेशनची तारीख होती ना?"

मी हो म्हटलं.

"मंग ती गेली का नाय?"

मी म्हटलं, परीक्षा होती. तो वाट बघत उभा राहिला, पुढं काहीतरी असेल म्हणून. पुढं काही नव्हतं. मग त्यानं मान हलवली, जणू त्याला ते पुरेसं वाटलं, आणि डबा घेऊन वर गेला. त्यानं मला शिव्या घातल्या असत्या तर आज हे लिहायला बसले नसते.

नोव्हेंबरच्या शेवटी त्यानं तिला घरी नेलं. डिसेंबरात एका सकाळी आई बाजारातून रिकामी पिशवी घेऊन आली आणि म्हणाली, तुझी कोळीण गेली गं. तिच्या जागेवर बसलेल्या दुसऱ्या बाईनं सांगितलं होतं. आईला बाकी काही माहीत नव्हतं. मी तिला कधी सांगितलंही नाही, आणि वडिलांनाही नाही. ते ज्या फुफ्फुसांनी मला शिकवत होते, त्यांना हे पेलवलं नसतं.

पुढं महिनाभरानं निकाल लागला. वडील मला घेऊन कॉलेजात आले होते, कामावरून सुट्टी काढून, धुतलेला सदरा घालून. फळ्यावर माझा नंबर त्यांनीच शोधला, बोट ठेवून दोनदा वाचला, आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितला. मेडिसिनच्या लाँग केसमध्ये, म्हणजे मावशीवरच्या परीक्षेत, मला उत्तम मार्क होते.

मी पास झाले. आमच्या घरात त्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. मी डॉक्टर झाले.